वेणुग्रामचे दगडी कमळ

किल्ल्यात देऊळ असणे ही महाराष्ट्राला नवलाची गोष्ट नव्हे. गडावर देवीचे ठाणे असते, दरवाजाशी गणपती किंवा मारुती असतो, आणि लढाईवर निघणारा शिपाई तेथे मस्तक टेकवून मगच पुढे जातो. शस्त्र आणि देव यांचे नाते असे जवळचे आहे. परंतु ज्या धर्माने मुंगीच्या जिवालाही आपल्याइतकाच मान दिला, त्या धर्माचे मंदिर तटबंदीच्या आत असावे, आणि त्या तटबंदीसाठी झालेल्या अनेक शतकांच्या झुंजी पाहून तेच टिकून राहावे, हा प्रकार विरळा. बेळगावच्या भुईकोट किल्ल्यातील कमलबस्ती हे असे मंदिर होय.

किल्ल्याच्या दरवाजापाशी गणपती आणि दुर्गा यांची स्थाने आहेत. ती मागे टाकून आत शिरणाऱ्या प्रवाशास प्रथम दिसतो तो खंदक, तट आणि लष्करी शिस्तीचा परिसर. त्या शिस्तीतच काळसर दगडाचे, फारसे उंच नसलेले हे देऊळ उभे आहे. लांबून पाहता त्याचे वैशिष्ट्य ध्यानात येत नाही. ते कळावयास मंडपात जावे लागते आणि मान वर करावी लागते.

‘बस्ती’ या शब्दाचा येथे थोडा खुलासा करावयास हवा. आजच्या मराठीत बस्ती म्हणजे लोकवस्ती. संस्कृत ‘वसति’ या शब्दाचे कानडीत ‘बसदि’ झाले आणि त्याचा अर्थ जैन मंदिर असा रूढ झाला. तोच शब्द सीमेवरील मराठीत बस्ती म्हणून आला. मुनी जेथे वसतीला राहत, जेथे अध्ययन आणि अन्नदान चाले, ते स्थान म्हणजे वसति. मंदिर हे मूर्तीचे घर तर खरेच, पण ते माणसांचे आश्रयस्थानही होते, ही आठवण त्या एका शब्दात राहून गेली आहे. गावाच्या नावाचीही कथा अशीच आहे. जुन्या लेखांत या नगराला वेणुग्राम म्हटले आहे. वेणू म्हणजे वेळू. वेळूंचे गाव ते वेळुग्राम, आणि त्याचेच पुढे बेळगाव झाले. आता त्याचे सरकारी नाव बेळगावी असे आहे.

बाराव्या शतकाच्या अखेरीस या वेणुग्रामात रट्टांचे राज्य होते. रट्ट हे मूळचे सौंदत्तीचे. सौंदत्तीला तेव्हा सुगंधवर्ती म्हणत. राष्ट्रकूटांच्या काळी त्यांचा उदय झाला, आणि कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता चालू असता ते त्यांचे मांडलिक म्हणून कुंडी तीन हजार या प्रांताचा कारभार पाहत राहिले. चालुक्यांची सत्ता ढासळल्यावर त्यांनी स्वतंत्रपणे राज्य चालविले आणि आपले ठाणे वेणुग्रामास आणले. त्यांच्या बिरुदांपैकी एक मराठी वाचकाचे लक्ष वेधून घेईल असे आहे. ते स्वतःस ‘लत्तलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. लत्तलूर म्हणजे मराठवाड्यातील आजचे लातूर. राष्ट्रकूटांप्रमाणेच या घराण्यालाही आपल्या मूळ गावाचा अभिमान होता, आणि मलप्रभेच्या मुलखात राज्य करीत असतानाही मांजरेच्या खोऱ्यातील गावाचे नाव त्यांनी सोडले नाही. सोन्याचा गरुड हे त्यांच्या ध्वजावरील चिन्ह. ध्वज गरुडाचा आणि दानधर्म जिनालयांना, यात त्या काळच्या माणसांना काहीच विसंगत वाटत नव्हते.

इ. स. १२०४ या वर्षी रट्ट राजा चौथा कार्तवीर्य गादीवर होता आणि त्याचा भाऊ मल्लिकार्जुन युवराज म्हणून कारभारात सहभागी होता. त्यांचा मंत्री बीचिराज याने वेणुग्रामात एक जिनालय उभारले. राजघराण्याच्या नावावरून त्याला ‘रट्टजिनालय’ म्हणत. हे जिनालय म्हणजेच किल्ल्यातील कमलबस्ती, असे सामान्यतः मानले जाते. जिनालयाचे आचार्य शुभचंद्र भट्टारक होते. मूलसंघ, देशीय गण आणि पुस्तक गच्छ ही त्यांची परंपरा. त्यांच्या हाती राजाने जमिनीचे दान सोपविले आणि ते दगडावर कोरवून ठेविले. त्या लेखांची तिथी पौष महिन्यातील, म्हणजे इ. स. १२०४ च्या डिसेंबरातील आहे. आठशे वर्षांपूर्वीच्या वास्तूचा कर्ता, काळ, आचार्य आणि चरितार्थ हे सारे इतक्या नेमकेपणाने कळावे, असे भाग्य फार थोड्या देवळांच्या वाट्याला येते. महाराष्ट्रातील कित्येक जुन्या मंदिरांचे कर्तेपण ‘हेमाडपंती’ या एका शब्दात बुडून गेले आहे. येथे मात्र बीचिराजाचे नाव राहिले.

आता त्या वास्तूकडे वळावयास हरकत नाही. गर्भगृह, त्यापुढे अंतराळ आणि त्यापुढे मंडप, अशी तिची मांडणी आहे. ही मांडणी उत्तर चालुक्यकालीन देवळांत सर्वत्र आढळते. खांब पाहून प्रथम शंका येते ती हे दगडाचे आहेत की लाकडाचे. कातारी जसा लाकडाचा तुकडा फिरवून त्यावर वळी आणि खाचा काढतो, तशा वळ्या या काळ्या दगडावर उमटलेल्या आहेत. उत्तर चालुक्यांच्या काळी या प्रदेशातील कारागीर मऊ जातीचा काळा दगड असा फिरवून कातीत असत, आणि मग तो घासून आरशासारखा करीत. दगड खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागल्यावर हळूहळू कठीण होतो. या गुणाचा फायदा घेऊन त्यांनी दगडाकडून लाकडाचे काम करून घेतले. चिरे जोडताना चुन्याचा आधार फारसा घ्यावा लागला नाही. दगड दगडावर नेमका बसविणे हेच त्यांचे बांधकाम.

पण या मंदिराला नाव मिळाले ते खांबांवरून नव्हे. मंडपाच्या छतातून एक प्रचंड कमळ खाली उमलले आहे. तळ्यातील कमळ पाण्यातून वर येते आणि आकाशाकडे पाहते. हे कमळ आकाशाच्या जागी रुजले आहे आणि खाली माणसाकडे पाहते. मधोमध कळीसारखा लोंबता भाग आणि त्याभोवती पाकळ्यांची वर्तुळे, अशी त्याची घडण. मंडपात उभा असलेला यात्रेकरू त्या फुलाच्या सावलीत असतो.

हे कमळ वर कसे राहिले, असा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात येतो. कमानीचे तंत्र येथे वापरलेले नाही. या काळच्या मंडपांची छते रचण्याची रीत निराळी होती. चार खांबांवर चार तुळया टाकून चौकोन करावयाचा. त्याच्या कोपऱ्यांवर आडवे चिरे घालून त्याचा अष्टकोन करावयाचा. त्यावर दगडांचा एक थर असा रचावयाचा की, प्रत्येक चिऱ्याचे टोक खालच्या चिऱ्यापेक्षा थोडे आत यावे. त्यावर आणखी एक थर, आणखी थोडा आत. असे करता करता मधली पोकळी लहान होत जाते, आणि शेवटी एक मोठा दगड ती बंद करतो. आत आलेले टोक खाली कलू नये म्हणून त्या चिऱ्याच्या मागच्या टोकावर छपराचा भार ठेवतात. म्हणजे जे वजन छत पाडील असे वाटते, तेच वजन छताला धरून ठेवते. चुना, लोखंड किंवा लाकडी आधार यांवाचून केवळ तोल सांभाळून केलेली ही रचना आहे. एका चिऱ्याने आपली जागा सोडली तर सारे वर्तुळ विस्कटेल. आठशे पावसाळ्यांत ती जागा चिऱ्यांनी सोडली नाही.

कमळाला बहात्तर पाकळ्या आहेत, असे परंपरा सांगते, आणि त्या संख्येत जैनांचे कालविषयक तत्त्वज्ञान साठविलेले आहे. जैन मताप्रमाणे काल हे एक सतत फिरणारे चक्र आहे. त्याचा अर्धा फेरा चढतीचा, अर्धा उतरतीचा. अशा प्रत्येक अर्ध्या फेऱ्यात चोवीस तीर्थंकर होतात. ऋषभनाथापासून महावीरापर्यंतचे चोवीस हे चालू फेऱ्यातील. त्यापूर्वी चोवीस होऊन गेले, आणि पुढील फेऱ्यात चोवीस व्हावयाचे आहेत. भूत, वर्तमान आणि भविष्य मिळून बहात्तर. होऊन गेलेल्यांना वंदन करण्याची रीत सर्व धर्मांत आहे. अजून जन्मास न आलेल्यांसाठी पाकळ्या कोरून ठेवणे ही दृष्टी मात्र या मंदिराचे मोठे वैशिष्ट्य म्हटले पाहिजे.

गर्भगृहात काळ्या दगडाची नेमिनाथांची मूर्ती आहे. नेमिनाथ हे बाविसावे तीर्थंकर, श्रीकृष्णाचे चुलतबंधू, आणि शंख हे त्यांचे लांछन. विवाहासाठी वरात निघाली असता मेजवानीकरिता कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश ऐकून ते बोहल्यावर न चढताच माघारी फिरले आणि गिरनारावर जाऊन तपास बसले, ही त्यांची कथा सर्वश्रुत आहे. ही मूर्ती मूळची येथील नसून सुमारे दोनशे वर्षांपूर्वी रानात सापडली आणि येथे स्थापिली गेली, असे सांगतात. आदिनाथ, सुमतिनाथ आणि पार्श्वनाथ यांच्याही मूर्ती मंदिरात आहेत. पार्श्वनाथांच्या मस्तकावर नागाची सात फणा आहेत. जवळच आणखी एक लहान बस्ती आहे. तिला चिक्कीबस्ती म्हणतात.

दगडी कमळ म्हटले की प्रवासी लोकांना अबूच्या पहाडावरील देलवाडा आठवते. तेथील लूणवसहीच्या मंडपातील संगमरवरी झुंबर जगप्रसिद्ध आहे. ते मंदिर इ. स. १२३१ मधील, म्हणजे वेणुग्रामच्या जिनालयानंतर २७ वर्षांनी पुरे झालेले. गुजरातचा मंत्री तेजपाल याने ते बांधविले, आणि तेथेही नेमिनाथच विराजमान आहेत. अबूचा संगमरवर इतका पातळ कोरलेला आहे की त्यातून उजेड झिरपतो. बेळगावचा दगड उजेड स्वतःत मुरवून घेतो. तेथे कारागिराचे कौशल्य डोळ्यांत भरते, येथे प्रथम छाया जाणवते आणि मग फूल दिसते. दक्षिणेत याहून जुने उदाहरण वेरूळचे. तेथील ३२ क्रमांकाच्या, इंद्रसभा या नावाने प्रसिद्ध असलेल्या जैन लेण्यात वरच्या मजल्याच्या छतावर मोठे कमळ कोरलेले आहे. परंतु वेरूळचे काम डोंगर पोखरून केलेले. छत तेथे होतेच, त्यावर फूल काढले. बेळगावच्या कारागिराला आधी छत निर्माण करावे लागले.

दोन्ही ठिकाणी कर्ता मंत्री आहे, राजा नव्हे, हाही लक्षात घेण्याजोगा योग आहे. रट्टांच्या दरबारात जैन आचार्यांचे वजन मोठे होते. मुनिचंद्र नावाचे आचार्य हे राजगुरू असून राज्यकारभारात व युद्धकार्यातही सल्ला देत, आणि त्यांनी रट्टांचे राज्य स्थिर केले, असा त्यांचा गौरव इ. स. १२२८ च्या सौंदत्तीच्या लेखात केलेला आहे. अहिंसा मानणारा समाज राज्यकारभारापासून अलिप्त असला पाहिजे, अशी एक समजूत अलीकडे दिसते. ती या पुराव्यापुढे टिकत नाही.

परंतु राजा आणि मंत्री यांच्या औदार्याने देऊळ उभे राहते, चालत नाही. रोजचा दिवा, रोजचा नैवेद्य, मुनींचे अन्न, गळक्या छताची डागडुजी, यांचा खर्च कोण करणार? वेणुग्रामच्या लेखांत याचे उत्तर आहे. राजाने दिलेल्या जमिनीबरोबरच बाजारपेठेतील व्यापाऱ्यांनी आपल्या मालावरील वाटा जिनालयास लावून दिला. या व्यापाऱ्यांत स्थानिक लोक होते, तसेच लाट देशाचे, म्हणजे गुजरातेकडील, आणि मलयाळाचे, म्हणजे केरळाकडील व्यापारीही होते. घाटाखालून येणारा आणि देशावर जाणारा माल वेणुग्रामच्या पेठेत थांबत होता, आणि त्या मालाच्या लहानशा वाट्यावर जिनालयातील दिवा तेवत होता.

हीच पद्धत थोडी आधी कोल्हापुरात दिसते. शिलाहार राजा गंडरादित्य याचा सामंत निंबदेव याने कोल्हापुरात जैन मंदिर बांधविले, आणि इ. स. ११३५ च्या लेखाप्रमाणे अय्यावळे येथील पाचशे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यापारी संघातील लोकांनी त्याला आपल्या मालावरील देणगी लावून दिली. त्यांत कोल्हापूर, मिरज आणि कुंडी येथील व्यापारी होते. म्हणजे मिरज, कोल्हापूर आणि बेळगाव या आजही एकमेकांशी व्यापाराने बांधलेल्या पेठा तेव्हाही एका दोरीत ओवलेल्या होत्या. या दानात सर्वांचा धर्म एकच होता, असेही मानण्याचे कारण नाही. व्यापारी संघांत नाना पंथांचे लोक असत.

बाजाराचा हा आधार किती मोलाचा होता, हे लवकरच दिसून आले असले पाहिजे, कारण राजसत्ता फार दिवस टिकली नाही. देवगिरीचा यादव राजा सिंघण याचा सेनापती बीचण याने रट्टांचे राज्य बुडविले. इ. स. १२३८ च्या हरळहळ्ळीच्या लेखात रट्टांना जिंकल्याचा त्याचा गौरव आहे. जिनालय बांधणारा बीचिराज आणि रट्टांना जिंकणारा बीचण, अशी जवळजवळ एकाच नावाची दोन माणसे या एका नगराच्या इतिहासात चाळीस वर्षांच्या आत येऊन गेली. पुढे यादवही गेले आणि बेळगाव विजयनगरच्या अमलाखाली आले. इ. स. १४७३ मध्ये बहमनी वजीर महमूद गवान याने किल्ल्याला वेढा घातला. त्या वेढ्यात तटाखाली सुरुंग पेरून दारूने तो फोडण्यात आला, आणि दक्षिणेत हा प्रकार तोवर माहीत नव्हता, असे फिरिश्ता लिहितो. सोळाव्या शतकात आदिलशाही सरदार असदखान लारी याने येथे दीर्घकाळ ठाणे केले. किल्ल्यातील साफा मशीद त्याच्याच काळातील. इ. स. १५४९ मध्ये तो वारला. शेवटी एप्रिल १८१८ मध्ये जनरल मन्रो याने पेशव्यांच्या शिबंदीकडून किल्ला घेतला आणि बेळगाव ही इंग्रजांची छावणी झाली.

या उलथापालथीत किल्ल्यातील इतर देवळांचे काय झाले, याची साक्ष तटातच सापडते. कोरीव काम असलेले जुन्या देवळांचे चिरे तटबंदीत बसलेले दिसतात. येथे पूर्वी १०८ जैन मंदिरे होती, अशी लोकपरंपरा आहे. हा आकडा जैन परंपरेत पवित्र मानला गेलेला आहे, तेव्हा तो अक्षरशः घेण्याचे कारण नाही. पण देवळे बरीच होती आणि त्यांचा दगड तटाला लागला, इतके त्या चिऱ्यांवरून कळते. किल्ला वाढविणाऱ्याला तयार, घडीव दगड हवा असतो. तो हाताशी असला की खाणीवर कोण जातो? या कामी कोणा एकाच राजवटीला दोष देऊन मोकळे होण्याची प्रवृत्ती बरी नव्हे. युद्धाला वास्तूची कदर नसते, मग ते कोणाचेही असो. आणि त्याबरोबर हेही खरे की, ज्या तटाने इतर देवळे गिळली, त्याच तटाच्या पोटात ही बस्ती सुरक्षित राहिली. गावाच्या वाढत्या वस्तीत ती असती, तर तिचे चिरे घराघरांच्या पायात गेले नसते असे कोणी सांगावे?

एकोणिसाव्या शतकात या मंदिराकडे अभ्यासकांची दृष्टी गेली. जेम्स बर्जेस याने इ. स. १८७४ च्या जानेवारी ते मे या महिन्यांत बेळगाव आणि कलादगी जिल्ह्यांची पाहणी केली. पश्चिम हिंदुस्थानच्या पुरातत्त्व खात्याचा तो पहिलाच हंगाम. त्याच सुमारास या भागात नोकरीस असलेल्या फ्लीट याने रट्टांचे लेख वाचून त्यांचा वंशक्रम जुळविला. पण ज्या दोन लेखांत रट्टजिनालयाची हकीकत आहे, ते शिलालेख बेळगावात राहिले नाहीत. ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेले, आणि तेथील विद्वान लायोनेल बार्नेट याने ते ‘एपिग्राफिया इंडिका’च्या तेराव्या खंडात प्रसिद्ध केले.

येथे एक खंत वाटल्यावाचून राहत नाही. तो दगड म्हणजे केवळ जुन्या अक्षरांचा नमुना नव्हे. तो दानपत्राचा दस्तऐवज आहे. दान दगडावर कोरावयाचे ते अशासाठी की, पुढचा राजा, पुढचा अधिकारी, पुढचा व्यापारी यांनी देवळासमोर उभे राहून ते वाचावे आणि पाळावे. घराचे कागदपत्र एका खंडात आणि घर दुसऱ्या खंडात, अशी या मंदिराची अवस्था आहे. ते लेख विद्वानांनी वाचले आणि जतन केले, याबद्दल त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. तरी कमळाखाली उभ्या राहणाऱ्या यात्रेकरूस बीचिराजाचे नाव, शुभचंद्रांचे नाव आणि लाट व मलयाळ देशांच्या व्यापाऱ्यांची देणगी ही तेथल्या तेथे वाचावयास मिळावी, ही अपेक्षा अवास्तव नाही. मूळ दगड परत येवो वा न येवो, त्याची हुबेहूब प्रतिकृती, आणि तिच्याखाली कानडी व मराठी अशा दोन्ही भाषांत तिचा अर्थ, एवढे तरी या मंडपाजवळ असावयास हवे.

दोन्ही भाषांत असे म्हणण्याचे कारण उघड आहे. लेख कानडी, लेख कोरविणारे राजे लातूरचे नाव मिरविणारे, देणगीदार गुजरात आणि केरळचे, आणि आज दर्शनास येणारे जैन काही घरी कानडी बोलणारे, काही मराठी. इ. स. १९५६ मध्ये बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले आणि तेव्हापासून भाषेच्या प्रश्नावर तेथील वातावरण वारंवार तापले. पण हे मंदिर ज्या काळी उभे राहिले त्या काळी सीमा भाषेच्या नव्हत्या, आणि पेठेतील वजनकाट्याला सर्वांची भाषा समजत होती. इतिहासाचा आधार वाद पेटविण्यासाठी पुष्कळदा घेतला जातो. तो वाद निवविण्यासाठीही घेता येतो, हे या जिनालयाकडे पाहून शिकावयास हरकत नाही.

बहात्तर पाकळ्यांपैकी शेवटच्या चोवीस अजून न झालेल्या तीर्थंकरांच्या. त्यांतील पहिला तीर्थंकर कोण होणार, हेही जैन पुराणांनी सांगून ठेविले आहे. मगधाचा राजा श्रेणिक, म्हणजे बिंबिसार, हा आपल्या कर्मांमुळे आज नरकात आहे. तेथील भोग संपल्यावर तोच पुढील फेऱ्यातील पहिला तीर्थंकर होईल. काही परंपरांत त्याचे नाव महापद्म असे दिले आहे, म्हणजे मोठे कमळ. आज पतित असलेल्यासाठी उद्याची जागा राखून ठेवणारी ही श्रद्धा ज्यांनी दगडात कोरली, त्यांचे राज्य पुढे पस्तीस वर्षेही टिकले नाही. त्यांनी लावलेली देणगी केव्हाच थांबली, आणि त्यांचा लेख सातासमुद्रापलीकडे गेला. छतातील चिरे मात्र आपापल्या जागी, एकमेकांचा भार तोलून, अद्याप आहेत.